जावाचा पहिला प्रोजेक्ट: कंपाइल, टेस्ट आणि रिफॅक्टर यांचं चक्र कसं बसवायचं

क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांच्या व्याख्या पाठ व्हायला वेळ लागत नाही. खरी अडचण पुढे येते. नवीन विद्यार्थी पानभर कोड एका दमात लिहितो, मग कंपाइल करतो. एररची रांग लागते. त्या कशाबशा मिटवून प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकीचं येतं आणि नेमकं कुठे बिघडलं ते सापडत नाही. याचा हुशारीशी संबंध नाही. दोन तपासण्यांच्या मध्ये फार जास्त कोड लिहिला गेला, एवढंच कारण असतं.

म्हणून कंपाइल, टेस्ट आणि रिफॅक्टर हे तीन वेगळे धडे मानू नका. थोडं लिहा, कंपाइल करा, टेस्ट चालवा, लिहिलेलं नीट करा (हेच रिफॅक्टर), पुन्हा टेस्ट चालवा. एक फेरी पाच-दहा मिनिटांची असावी. ही फेरी कशी बसवायची ते एका छोट्या उदाहरणावर पाहू: वाचनालयातून पुस्तक नेणं आणि ते परत करण्याची तारीख काढणं.

या लेखात कीवर्ड, कमांड आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच लिहायची आणि लहान-मोठी अक्षरं काटेकोर पाळायची, कारण जावाला त्यातला फरक कळतो.

तयारी

जेडीके, म्हणजे कंपायलरसह जावाची सगळी साधनं, इन्स्टॉल करा. दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती घ्या: २०२३ मध्ये आलेली २१ किंवा २०२५ मध्ये आलेली २५. मग टर्मिनल उघडून दोन गोष्टी तपासा: जावासी म्हणजे कंपायलर कोणत्या आवृत्तीचा आहे, आणि जावा म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी कमांड कोणत्या आवृत्तीची आहे. दोन्हींना ‘डॅश डॅश व्हर्जन’ हा पर्याय देता येतो. एकाच मशीनवर जुनी-नवी जावा एकत्र नांदत असेल तर कंपायलर नवा आणि चालवणारी जावा जुनी असं होऊ शकतं. मग कोड निर्दोष असूनही ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येते. त्या संदेशातले आकडे ओळखायला शिका: ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

पहिले काही दिवस साधा एडिटर आणि टर्मिनल एवढंच वापरा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आयडीई (एडिटर, कंपायलर, टेस्ट सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) उत्तम साधन आहे आणि रिफॅक्टरिंगच्या वेळी ते हवंच. पण हिरवं बटण दाबल्यावर आत काय घडतं हे ज्याने एकदाही हाताने केलेलं नाही, तो बटण चाललं नाही की अडकतो.

कंपाइल करणं आणि एरर वाचणं

प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर करा: सोर्ससाठी ‘एसआरसी’, तयार फाइलींसाठी ‘आउट’. पब्लिक क्लासचं नाव आणि फाइलचं नाव अक्षरशः एकच हवं. पॅकेज ‘लायब्ररी’ असेल तर फाइलही त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. जावासीला ‘डॅश डी’ देऊन पुढे ‘आउट’ लिहिलं की क्लास फाइली तिकडे जातात आणि सोर्समध्ये कचरा होत नाही.

या क्लास फाइलींत बाइटकोड असतो. तो थेट प्रोसेसरसाठी नसून जावा व्हर्च्युअल मशीनसाठी असतो, म्हणूनच एका मशीनवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालतो. उत्सुकता असेल तर कुठलीही क्लास फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. पहिले चार बाइट ‘कॅफेबेब’ असे दिसतील. प्रत्येक क्लास फाइलची ती ओळखखूण आहे.

चालवताना जावाला फाइलचं नाव द्यायचं नसतं, क्लासचं पूर्ण नाव द्यायचं असतं: ‘डॅश सीपी आउट’ लिहून पुढे ‘लायब्ररी डॉट मेन’. शेवटी ‘डॉट क्लास’ जोडलंत किंवा पॅकेज विसरलात की ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ हा संदेश येतो. जावा ११ पासून एकच सोर्स फाइल थेट चालवायची सोयही आहे, पण त्यात कंपाइल केलेलं सगळं मेमरीतच राहतं आणि डिस्कवर क्लास फाइल तयार होत नाही. एखादी कल्पना पटकन आजमावायला ती सोय चांगली, प्रोजेक्टसाठी नको.

आता एरर. सगळ्यात कामाची सवय ही की पहिली एरर आधी सोडवायची आणि लगेच पुन्हा कंपाइल करायचं. खालच्या बऱ्याच एरर पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात. एक कंस राहिला की कंपायलरचा पुढचा सगळा अंदाज चुकतो. सेमीकोलन राहिला असेल तर एरर आधीच्या ओळीच्या शेवटाकडे बोट दाखवते. ‘रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ ही एरर मात्र फाइलच्या शेवटच्या ओळीवर दिसते आणि न मिटलेला महिरपी कंस कुठेतरी वर असतो. अशा वेळी फाइल फॉरमॅट करून पाहा. इंडेंट जिथे बिनसतं तिथेच बहुधा कंस राहिलेला असतो.

‘कॅनॉट फाइंड सिंबल’ आली तर खालच्या दोन ओळी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘सिंबल’ या ओळीत कोणतं नाव सापडलं नाही ते असतं, ‘लोकेशन’मध्ये ते कोणत्या क्लासमध्ये शोधलं ते. स्पेलिंग चुकलंय, इम्पोर्ट राहिलाय की मेथड भलत्याच ऑब्जेक्टवर कॉल केली आहे, हे या दोन ओळींवरून बहुतेक वेळा लगेच कळतं.

एका एररवर मात्र थांबायला हवं, कारण तिचा चुकीचा उपाय ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचारच मोडून टाकतो. ‘नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट’. मेन मेथड स्टॅटिक असते, म्हणजे ती ऑब्जेक्टशिवाय थेट क्लासवर चालते. तिच्यातून तुम्ही ‘ड्यू डेट’ ही परत करण्याची तारीख देणारी मेथड नुसत्या नावाने कॉल केली, तर कंपायलर विचारतो: कोणत्या ऑब्जेक्टची ड्यू डेट? घाईत त्या मेथडला स्टॅटिक करून टाकलं जातं. मग तिच्यातली फील्ड तक्रार करतात, तीही स्टॅटिक होतात. एरर जाते आणि प्रोग्रॅम चालतो. आता दोन लोन (म्हणजे पुस्तक नेल्याच्या नोंदी) तयार करा आणि पहिल्याची तारीख छापा. दुसऱ्याची तारीख छापली जाईल, कारण फील्ड सगळ्या ऑब्जेक्टमध्ये एकच झालं आहे. योग्य उपाय एका ओळीचा आहे: ‘न्यू’ वापरून लोनचा ऑब्जेक्ट बनवा आणि मेथड त्याच्यावर कॉल करा. (जावा २५ मध्ये मेन स्टॅटिक नसली तरी चालते. तरी बहुतेक कोड अजून जुन्या पद्धतीचाच दिसेल, म्हणून हा फरक समजून घ्या.)

कंपाइल करताना ‘डॅश एक्सलिंट कोलन ऑल’ हा पर्याय पहिल्या दिवसापासून जोडा. त्यातून येणाऱ्या वॉर्निंग फुकटच्या सूचना आहेत.

प्रोग्रॅम चालताना कोसळला तर स्टॅक ट्रेस येतो, म्हणजे कोणत्या मेथडमधून कोणती कॉल झाली त्याची यादी. सर्वात वरच्या ओळीत कारण असतं. तिथून खाली येत, तुमच्या स्वतःच्या क्लासचं नाव असलेली पहिली ओळ शोधा आणि तो लाइन नंबर उघडा. जावा १५ पासून नल पॉइंटर एक्सेप्शन कोणती गोष्ट नल (म्हणजे ऑब्जेक्टच नसलेली) होती तेही आपोआप सांगतं, त्यामुळे संदेश पूर्ण वाचा.

पहिला क्लास

‘लोन’ क्लासमध्ये तीन फील्ड ठेवा: पुस्तक, सभासद आणि दिल्याची तारीख. तिन्ही प्रायव्हेट आणि फायनल. किमती कन्स्ट्रक्टरमधूनच येतील. आयडीईकडून सगळ्या फील्डचे गेटर-सेटर बनवून घेण्याचा मोह टाळा. दिल्याची तारीख नंतर बदलणं वाचनालयाच्या नियमातच नसेल, तर त्यासाठी सेटर असणं म्हणजे चुकीला दार उघडून देणं.

तारखेसाठी जावा ८ पासून असलेला ‘लोकल डेट’ वापरा. सभासद विद्यार्थी असेल तर मुदत ७ दिवस, शिक्षक असेल तर ३०. ‘ड्यू डेट’ मेथडमध्ये दिल्याच्या तारखेवर ‘प्लस डेज’ कॉल करायचं. इथे एक नेहमीची चूक होते. प्लस डेज कॉल केलं, पण त्याने परत दिलेली किंमत कुठे ठेवलीच नाही आणि शेवटी मूळ तारीखच रिटर्न केली. लोकल डेट कधीच बदलत नाही, दर वेळी नवी तारीख देतो. वर सांगितलेली कंपाइल कमांड यावर काहीच बोलत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. प्रोग्रॅम शांतपणे सांगतो की पुस्तक नेलं त्याच दिवशी परत करायचं आहे.

कंपायलरची हद्द इथे संपते. इथून टेस्टचं काम सुरू होतं.

टेस्ट लिहिणं

बरेच जण मेनमध्ये प्रिंट लिहून उत्तर डोळ्यांनी पाहतात. पहिल्यांदा ते चालतं. दहाव्यांदा कोणी नीट पाहत नाही. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर कोडमध्येच लिहिलेलं असतं आणि तुलना मशीन करतं.

जावामध्ये यासाठी जेयुनिट वापरतात. केंट बेक आणि एरिक गामा यांनी ते १९९७ च्या सुमारास सुरू केलं. जेयुनिट ५ २०१७ मध्ये आलं आणि खालचं सगळं त्याला धरून आहे. टर्मिनलवरून चालवायचं तर जेयुनिटची ‘कन्सोल स्टँडअलोन’ जार फाइल मिळते. ती कंपाइल करताना क्लासपाथमध्ये (जावा क्लास जिथे शोधते त्या पत्त्यांच्या यादीत) द्यायची आणि नंतर तिच्याचकडून टेस्ट चालवून घ्यायच्या. क्लासपाथमधले दोन पत्ते विंडोजवर सेमीकोलनने आणि लिनक्स-मॅकवर कोलनने वेगळे करतात. दुसऱ्याची कमांड जशीच्या तशी उतरवली की इथेच गोची होते.

हे एकदा हाताने करून झालं की मेव्हन या प्रोजेक्ट बिल्ड करणाऱ्या साधनाकडे जा. त्यात मुख्य कोड ‘एसआरसी-मेन-जावा’त आणि टेस्ट ‘एसआरसी-टेस्ट-जावा’त राहतात, आणि एका कमांडमध्ये कंपाइल आणि टेस्ट दोन्ही होतं. एक धोका लक्षात ठेवा: मेव्हन टेस्ट क्लास नावावरून ओळखतो. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ असू द्या. नाव वेगळंच असेल तर तो क्लास गुपचूप वगळला जातो आणि बिल्ड यशस्वी दिसतं. म्हणून शेवटी किती टेस्ट चालल्या तो आकडा रोज वाचा.

पहिली टेस्ट अशी: २५ फेब्रुवारी २०२४ ला एका विद्यार्थ्याने पुस्तक नेलं असं लोन बनवा, ड्यू डेट विचारा, आणि ‘असर्ट इक्वल्स’ने ती ३ मार्च २०२४ आहे का ते तपासा. २०२४ लीप वर्ष आहे, म्हणून ३ मार्च. तीच टेस्ट २०२३ साठी लिहिली तर उत्तर ४ मार्च. वर सांगितलेली प्लस डेजची चूक कोडमध्ये असेल तर टेस्ट लाल होईल (म्हणजे फसेल; पास झालेली हिरवी दिसते) आणि संदेशात दोन्ही तारखा शेजारी-शेजारी दिसतील. असर्ट इक्वल्समध्ये अपेक्षित किंमत आधी आणि मिळालेली नंतर लिहायची. उलटं लिहिलं तरी टेस्ट चालते, पण फसल्यावर संदेश उलटा येतो आणि तुम्ही भलत्याच बाजूला चूक शोधत बसता.

त्यानंतर सीमेवरच्या टेस्ट. उशीर झाला का हे सांगणारी ‘इज ओव्हरड्यू’ मेथड घ्या. मुदतीच्या आदल्या दिवशी उत्तर ‘नाही’, नंतरच्या दिवशी ‘हो’, हे सोपं आहे. ऐन मुदतीच्या दिवशी काय? तो दिवस धरायचा की सोडायचा, हे कोड लिहिताना धूसर राहतं आणि टेस्ट लिहिताना ठरवावंच लागतं. ‘इज आफ्टर’ वापरलं तर मुदतीचा दिवस सुरक्षित राहतो. माझ्या मते टेस्ट लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच: नियम नेमका काय आहे हे तुम्हाला आधी स्वतःला विचारावं लागतं.

याच मेथडमध्ये आणखी एक शिकण्यासारखं आहे. आत ‘लोकल डेट डॉट नाऊ’ लिहिलं तर आज हिरवी असलेली टेस्ट पुढच्या आठवड्यात लाल होईल. आजची तारीख मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. मग टेस्टमध्ये हवा तो दिवस देता येतो. टेस्ट लिहिणं अवघड जातंय असं वाटलं की बहुतेक वेळा क्लासच्या रचनेत असं काहीतरी अडकलेलं असतं. ती तक्रार ऐकून रचना बदला.

चुकीची माहिती आली तर काय, तेही तपासा. तारीख नल दिली तर कन्स्ट्रक्टरने तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकावं, आणि ‘असर्ट थ्रोज’ने ते खरंच फेकलं जातं का ते पाहा.

दोन ऑब्जेक्टची तुलना करताना नवशिके हमखास गोंधळतात. असर्ट इक्वल्स आतून ‘इक्वल्स’ मेथड वापरतं. ती तुम्ही लिहिली नसेल तर एकाच क्रमांकाची दोन पुस्तकं वेगळी ठरतात. ‘इक्वल्स’ लिहिली की ‘हॅश कोड’ही लिहायलाच हवी, नाहीतर हॅशसेटमध्ये ठेवलेलं पुस्तक शोधल्यावर सापडत नाही. आणि वर ‘ओव्हरराइड’ अॅनोटेशन लावा. ‘इक्वल्स’चं पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ऐवजी चुकून ‘बुक’ लिहिलं गेलं तर कंपायलर ते लगेच पकडतो. नुसती माहिती वाहणाऱ्या क्लाससाठी जावा १६ पासून ‘रेकॉर्ड’ आहे. त्यात या दोन्ही मेथड आपोआप मिळतात.

जेयुनिट एरवी प्रत्येक टेस्टसाठी टेस्ट क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, म्हणून एका टेस्टने दुसरीसाठी काही मागे ठेवू नये. नवी टेस्ट पहिल्याच फटक्यात हिरवी झाली तर कोड मुद्दाम एकदा बिघडवा आणि ती लाल होते का पाहा. कधीच लाल न होणारी टेस्ट काहीही तपासत नसते.

रिफॅक्टर करणं

रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रॅमचं वागणं तेच ठेवून आतली रचना सुधारणं. त्याच वेळी नवी सोय जोडायची नाही. सगळ्या टेस्ट हिरव्या असताना गिटमध्ये कमिट करा (म्हणजे कोडची ती स्थिती नोंदवून ठेवा) आणि मगच हात घाला.

नावांपासून सुरुवात करा. ‘टेम्प’, ‘डेटा’, ‘डी वन’ अशी नावं बदला, आणि इथे मात्र आयडीई वापरा: इंटेलिजेमध्ये शिफ्ट-एफ ६, एक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-आर. ‘फाइंड-रिप्लेस’ने नाव बदललं तर स्ट्रिंगमधले शब्दही बदलतात. आयडीईला मात्र कोणतं नाव कोणत्या फील्डचं आहे ते कळतं. लांबलचक मेथडमधला एक तुकडा स्वतंत्र मेथडमध्ये काढायलाही तेच वापरा.

खरी कसोटी लागते ती वारंवार येणाऱ्या इफ-एल्सच्या शिडीपाशी. समजा सभासदाचा प्रकार स्ट्रिंगमध्ये ठेवला आहे: ‘स्टुडंट’ किंवा ‘टीचर’. तो प्रकार तपासणारी शिडी तीन ठिकाणी आहे: मुदत काढताना, किती पुस्तकं देता येतील ते ठरवताना, आणि मुदत वाढवताना. उद्या ‘पाहुणा सभासद’ आला तर तिन्ही जागा आठवणीने बदलाव्या लागतील. स्ट्रिंगचं स्पेलिंग चुकलं तर कंपायलर गप्प बसेल.

थेट तीन सबक्लास लिहायला घेऊ नका. आधी ‘लोन’मधली मुदतीची शिडी उचलून ‘मेंबर’ क्लासमध्ये ‘लोन डेज’ नावाच्या मेथडमध्ये ठेवा. टेस्ट चालवा. उरलेल्या दोन शिड्यांचंही तसंच करा, प्रत्येक वेळी टेस्ट चालवून. आता तिन्ही शिड्या एका क्लासमध्ये शेजारी-शेजारी आल्या. मग स्ट्रिंगच्या जागी एनम, म्हणजे ठरावीक किमतींचाच प्रकार, आणा. स्पेलिंगची चूक आता कंपाइल करतानाच पकडली जाते. शिडीऐवजी डिफॉल्ट नसलेलं स्विच एक्स्प्रेशन लिहिलं, तर नवा प्रकार जोडल्यावर राहिलेली प्रत्येक जागा कंपायलर स्वतः दाखवतो. जी चूक आधी टेस्टने पकडायची होती, किंवा कोणीच पकडली नसती, ती अशी आणखी अलीकडे पकडता येते.

इथे थांबून पाहा: प्रकारांमध्ये फक्त आकडे वेगळे आहेत का? ७ आणि ३० दिवस, २ आणि ५ पुस्तकं? मग एनमच्या प्रत्येक किमतीलाच हे आकडे द्या. काम संपलं, सबक्लासची गरज नाही. पॉलिमॉर्फिझम शिकलो म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘एक्स्टेंड्स’ लिहिणं ही नव्या विद्यार्थ्यांच्या कोडमधली सर्वात महाग सवय आहे. सबक्लास तेव्हा काढावा, जेव्हा वागणंच वेगळं असतं. उदाहरणार्थ, शिक्षकाची मुदत सत्राच्या शेवटाला बांधलेली असेल आणि विद्यार्थ्याची दिवसांना.

तेव्हाही एक प्रश्न विचारा. आजचा विद्यार्थी उद्या शिक्षक झाला तर? जावामध्ये तयार झालेला ऑब्जेक्ट आपला क्लास बदलू शकत नाही. म्हणून सभासदाचे सबक्लास करण्यापेक्षा ‘लोन पॉलिसी’ असा इंटरफेस काढा, त्याचे दोन क्लास लिहा आणि सभासदाकडे त्यातली एक पॉलिसी द्या. सभासद तोच राहतो, पॉलिसी बदलते. टेस्टमध्येही साधी, ठरावीक दिवसांची पॉलिसी देऊन ‘लोन’ स्वतंत्रपणे तपासता येतो.

मधे टेस्ट लाल झाली तर तासभर डीबग करत बसू नका. शेवटच्या कमिटवर परत या आणि तीच पायरी आणखी लहान करून घ्या. कोडचं वागणं बदललेलं नसतानाही टेस्ट फुटत असतील, तर त्या बहुधा क्लासच्या आतल्या गोष्टींना चिकटल्या आहेत. पब्लिक मेथडमधून दिसतं तेवढंच तपासा.

आणि टेस्ट नसलेला जुना कोड हाती आला, मग तो मित्राचा असो किंवा तुमचाच मागच्या सत्रातला, तर पहिलं काम रिफॅक्टरिंगचं नसतं. दोन-चार नमुना माहिती देऊन तो आज काय उत्तर देतो ते पाहा आणि तीच उत्तरं टेस्टमध्ये अपेक्षित म्हणून लिहा, एखादं उत्तर चुकीचं वाटलं तरीही. आधी रचना सुधारा. ते चुकीचं उत्तर नंतर, स्वतंत्र कमिटमध्ये, टेस्ट बदलून दुरुस्त करा.